बुधवारी खाली

१३ जुलै, रविवार

ही डायरी रुचीनं सांगितलं म्हणून आणली. "चंदर, खोल्यांचा हिशोब डोक्यात नको ठेवू, तुया डोक्यात आधीच लय गर्दी आहे," म्हणाली. पहिल्या पानावर हिशोब लिहिलाही. आज दुसऱ्या पानावर लिहायला बसलो आणि आकडे सुचेनात, कारण आज दुपारी पहिल्या खोलीच्या ओट्यावर उभी राहून ती हसत होती आणि मी मागे बोअरजवळ पाना घेऊन चिखलात बसलो होतो. कशावर हसली ते ऐकू आलं नाही. मोटारीचा आवाज होता.

आधी नीट लिहितो. मी सेकंड इयरला कॉलेज सोडून घरी आलो तेव्हा बाबूजी मला किराण्याच्या गल्ल्यावर बसवायला निघाले होते. मीच म्हणालो, कामठा-बिरसी रोडवर आपला प्लॉट पडला आहे, बिरसीला विमान शिकायला पोरं येतात, सगळ्यांनाच होस्टेल मिळतं असं नाही, खोल्या काढू. पतसंस्थेचं कर्ज बाबूजींच्या नावावर, हप्ता माझ्या मानेवर. एका ओळीत चार खोल्या, पुढे ओटा, मागे बोअर. पहिल्या तिन्हींत विमान शिकणारे. चौथीत दुर्गाप्रसादजी, राइस मिलचे मुनीम. ते सकाळी सायकलवर जातात, संध्याकाळी रेडिओ लावतात आणि कोणाच्या अध्यात-मध्यात नाहीत.

आणि रुची. भैयालालकाकांची मुलगी, आमच्या घरापासून चार घरं पलीकडे. बीकॉम झाली. ती आणि भागीरथाकाकू पोरांचे डबे करतात, रुची ते स्कूटीवर पोचवते. कॉलेजला जाताना एकाच बसमध्ये असायचो तेव्हापासून मला दुसरं काही दिसत नाही. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तिला किती माहीत आहे ते मला माहीत नाही.

होळीच्या वेळी भैयालालकाकांनी मला दुकानासमोर थांबवलं होतं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "तुयाजवळ डिग्री नाही, नोकरी नाही. राग आहे, तो भरपूर आहे. खोल्या काढल्या ना? मंग मंडईपर्यंत चारही खोल्या भरलेल्या दाखव, एकही हप्ता चुकला नाही पाहिजे. त्याच्यानंतर बसू बोलाले."

दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते. सोयरेधायरे त्या दिवशी गावात असतात आणि पोरापोरींच्या गोष्टी तेव्हाच निघतात. काकांनी काही उगाच मंडई म्हटलं नाही.


१९ जुलै, शनिवार

पहिल्या खोलीतल्याचं नाव हेमेंद्र. लांजीकडचा. घरात काळा चष्मा लावतो. मला "मकान मालिक भैया" म्हणतो आणि त्यात मालिक कमी, भैया जास्त ऐकू येतो.

आज मायनं त्याला पाहिलं. मी तिला खोल्या दाखवायला नेलं होतं, तिनं खोल्या कमी आणि त्याला जास्त पाहिलं. घरी येऊन म्हणते, "पोरगा आपल्यातलाच आहे गा. पवार. बोलते कसा गोड. पायलट होईन आता."

"तो पायलट होईल, मी काय करू?"

"तू कायले तापून राहिला? मी कोठं काय म्हटलं?"

रात्री जेवलो नाही. मायनं ताट झाकून ठेवलं होतं, मग जेवलो.


२० जुलै

रुची आज पहिल्या खोलीत डबा द्यायला गेली आणि लवकर बाहेर आली नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खोलीला ओट्यावरूनच देते.


४ ऑगस्ट, सोमवार

मोटार जळाली. वाइंडिंगवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी त्याच्याशी भांडलो, मग तेवढेच दिले. पोरांनी दोन दिवस दुर्गाप्रसादजींच्या घागरीतून पाणी घेतलं.

रुची म्हणाली, "दरमहा भाड्यातले थोडे बाजूला ठेवत जा. मोटार जळणारच. कधी ना कधी खोलीही रिकामी राहणारच. तीन हप्त्यांएवढे पैसे वेगळे असू दे, मग झोप लागते. आणि डिपॉझिट तुझं नाही, ते त्यांचं आहे, तुझ्याजवळ फक्त ठेवलेलं आहे."

"कोणी शिकवलं? हेमेंद्रनं?"

माझ्याकडे पाहत राहिली. "बीकॉम मी केलं, चंदर."

पुढे म्हणाली, "आणखी एक. तिन्ही खोल्यांत एकाच ठिकाणचे पोट्टे. एकाच मित्रमंडळातले. एक गेला की तिघे जातील. एखाद्या खोलीत नर्स ठेव, शिक्षक ठेव."

मला काय ऐकू आलं ते लिहितो: एक गेला की. म्हणजे तो जाईल याची हिला आतापासून काळजी.


११ ऑगस्ट, सोमवार

गाडी घेतली. सेकंडहँड बुलेट, गोंदियाच्या रेल टोलीतून. हेमेंद्रनं घरून त्याची गाडी आणली आहे, निळी, आवाज न करणारी. रुची परवा तिच्या टाकीवरून हात फिरवून "मस्त आहे" म्हणाली. माझ्या जुन्या गाडीवर ती कधी बसली नाही, सीट फाटलेली होती.

जुनी गाडी दिली आणि तिन्ही पोरांचं डिपॉझिट त्यात घातलं. पोरं कोठे पळून चालली आहेत?

बाबूजी दुकानाबाहेर आले, गाडीभोवती फिरले आणि एवढंच म्हणाले, "भाडेकरूच्या पैशावर बसून कोठं जाशील बे?"

मी बिरसीपर्यंत जाऊन आलो. रुची वाटेत भेटली, डबे घेऊन. हॉर्न दिला. तिनं मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही, गाडी जोरात होती.


२४ ऑगस्ट, रविवार

काल पोळा झाला. आज रुची खोल्यांवर आली. डबे नव्हते, सुट्टी होती. तरी आली. पोरं गावाला गेलेली, फक्त हेमेंद्रची खोली उघडी. मी ओटा झाडत होतो. ती पहिल्या खोलीच्या दारात उभी राहून आत पाहत राहिली. छताकडे, भिंतीकडे, मागच्या खिडकीकडे.

"या खोलीतलं पाणी मागे कोठं जातं?"

"नालीत."

"आणि रोडवर उघडते ही एकटीच ना? बाकीच्यांचं दार ओट्यावर."

"हो."

"दोन शेगड्या राहतील का त्या खिडकीखाली?"

मी म्हटलं, "त्याला कायले शेगड्या? डबा तर तू देतेस."

ती हसली. बरंच काही सांगायचं असतं तेव्हा हसते तसं. "बरं आहे, जातो," म्हणून निघाली. आमच्याकडे बायाही जातो म्हणतात, तिचं जातो ऐकलं की माझं दिवसभर काम होत नाही.

तेव्हापासून तोच विचार. तिला त्याच्या खोलीत शेगड्या मांडायच्या आहेत. संसार मांडतात तशा.


७ सप्टेंबर, रविवार

आज जे वाचलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी म्हणू नये की चंदरनं मनानं रचलं.

हेमेंद्रच्या खोलीतला पंखा आवाज करत होता. मी स्टुलावर चढून पाहत होतो, तो अंघोळीला गेला होता. त्याचा फोन स्टुलाजवळच चार्जिंगला. उजळला. रुचीचं नाव. खाली ओळ: "बुधवार को खाली ना पक्का? मैं आऊँगी देखने। चंदर को अभी मत बताना।"

स्टुलावरून उतरलो. पंखा तसाच राहिला.

बुधवारी खाली. म्हणजे बुधवारी त्याचं विमान नाही, तो मोकळा आहे. मी येईन पाहायला. चंदरला सांगू नको.

मला सांगू नको.


८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी तो ओट्यावर ब्रश करत होता. मी म्हटलं, खोली सोड. आज.

"भैया, मैं तो वैसे भी..."

"वैसे भी काय ते ऐकायचं नाही. संध्याकाळपर्यंत सामान दिसलं नाही पाहिजे."

"अरे पर बात तो सुनो, मैं ही बोलने वाला था..."

मी त्याची बॅग दारातून रोडवर ठेवली. फेकली असं तो म्हणतो. ठेवलीच, पण उंचावरून. चष्मा त्यात होता, तो फुटला. त्यानं मला काही केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. नुसता पाहत राहिला आणि म्हणाला, "पागल हो क्या आप? एक महिना पहले बोलना होता है। डिपॉझिट दो, अभी जाता हूँ।"

डिपॉझिट मी चालवतो आहे. त्याला म्हटलं, देतो. कधी? देतो.

दुसऱ्या-तिसऱ्या खोलीतले बाहेर आले. आपसात हिंदीत बोलले, आत गेले आणि तेही सामान बांधू लागले. मी म्हटलं, तुम्ही काऊन? तुम्हाला कोण काय म्हणालं? त्यातला एक म्हणाला, "जिसका मूड देखके रहना पड़े, ऐसे मकान में कौन रहेगा, भैया।"

दुपारपर्यंत तिन्ही दारांना माझी कुलपं. दुर्गाप्रसादजी सायकल काढता काढता थांबले. "चंदरबाबू, मी राहू की मीही बांधू?"

"तुम्ही राहा."

"बरं आहे. रेडिओ हळू लावीन."


१० सप्टेंबर, बुधवार

रुची आली. सोमवारपासून डबे बंद होते, माय-लेकी काकूंच्या माहेरी होत्या, आजच परतल्या. पाहायलाच आली. सोबत भागीरथाकाकू आणि काकूंच्या हातात शिंप्याची टेप.

पहिल्या खोलीचं कुलूप पाहून रुची म्हणाली, "हेमेंद्र गेला वाटते? बुधवारी सकाळी सोडतो म्हणाला होता. किल्ली तुझ्याकडे दिली का?"

मी खिशातली किल्ली चाचपली.

"त्याले होस्टेलमध्ये जागा भेटली ना. मी म्हटलं, तू खाली केली की आम्हीच घेतो ती खोली. रोडवर दार आहे, मागे पाणी आहे. मेस टाकतो. इथंच जेवतील पोट्टे, मग ते खोल्या सोडून जाणारच नाहीत. तुझी पहिली खोली एक दिवसही खाली राहिली नसती." बोलता बोलता तिचं लक्ष दुसऱ्या-तिसऱ्या दाराकडे गेलं. "ह्यांची कुलपं काऊन तुझी?"

खोली खाली. माणूस खाली नाही. गोंदियाजवळ जन्मलो, शहरातल्या गल्लीगल्लीत 'रूम खाली है' च्या पाट्या वाचत वाढलो, घरमालक झालो, आणि ती एवढी ओळ मला वाचता आली नाही.

म्हटलं, "मग मला सांगू नको कायले लिहिलं?"

तिनं टेप काकूंच्या हातून घेतली, गुंडाळली. गुंडाळेपर्यंत तिला समजलं होतं की मी फोन पाहिला, आणि त्यानंतर काय केलं असेल हेही. माझा स्वभाव तिला पाठ आहे.

"म्हणजे मी स्वतः येऊन सांगणार होतो. ॲडव्हान्स हातात घेऊन. तू एकदा तरी खुश दिसावा म्हणून." मग काकूंना म्हणाली, "चल माय. इथं सध्या सगळंच खाली आहे."

काकू जाताना म्हणाल्या, "बाबू, लग्नाआधी हे, तर लग्नानंतर काय करशील?" रागावून नाही म्हणाल्या. त्यामुळं जास्त लागलं.


१५ सप्टेंबर

रुचीनं फोन उचलला नाही.


१६ सप्टेंबर

नाही उचलला.


२१ सप्टेंबर, रविवार

हेमेंद्र आणि त्याचे दोघे दुकानात आले. बाबूजी गल्ल्यावर. मारामारी करायला आले असते तर मी तयार होतो, ते साखर घ्यायला आल्यासारखे उभे राहिले आणि डिपॉझिट मागितलं. बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आत गेलो. आतून ऐकलं, बाबूजी म्हणत होते, "बसा, चहा घ्या. पोरगा आमचा आहे, पैसे तुमचे आहेत. आठ दिवस द्या."

नंतर बाबूजी मला रागावले नाहीत. दुकान बंद करताना म्हणाले, "हप्ता तीस तारखेचा आहे. या वेळेस मी भरणार नाही. भरला असता, पण भैयालालले मंग काय दाखवशील? बापाचा हप्ता?"


२३ सप्टेंबर, मंगळवार

गाडी विकली. घेतली त्याच दुकानात, घेतली त्याहून बरीच कमी. तो म्हणाला, "दो महीना भी नहीं चलाए भैया, इतने में कौन बेचता है।" भांडलो नाही. पहिल्यांदा असं झालं.

गोंदियाहून बसनं आलो. उतरून तसाच बिरसीला गेलो, तिघांचे पैसे दिले. चष्म्याचे वेगळे. हेमेंद्रनं मोजले नाहीत, खिशात ठेवले. म्हणाला, "आपकी रुचीजी खाना अच्छा बनाती हैं, बस इतना ही था।"

'आपकी' म्हणाला. येताना रस्ताभर त्यावर विचार केला. सहज म्हणाला की टोमणा मारला? आणि 'बस इतना ही था' म्हणजे? 'इतना' तरी कायले होतं?

गाडीच्या पैशातून हप्त्यापुरते उरले. पतसंस्थेत भरून पावती बाबूजींच्या गल्ल्याखाली ठेवली. पुढच्या हप्त्याचं काय ते माहीत नाही. एका मुनीमाच्या भाड्यावर चार खोल्यांचं कर्ज फिटत नाही.


२५ सप्टेंबर, गुरुवार

नीलेश मेश्राम रावणवाडी रोडला आठ खोल्या बांधतो आहे. टाइल्स, गीझर, सगळं. आज चौकात भेटला. "काय चंदर, रूम खाली आहेत म्हणे तुझ्या?"

"तुला पाहिजे का?"

"नाही गा. तुझी डबेवाली माझ्याकडे खोली पाहून गेली. मेससाठी. मी म्हटलं, तुला विचारावं."

आधी वाटलं त्याची कॉलर धरावी. मग वाटलं, हा तरी काय खोटं बोलला? तिला खोली पाहिजे होती, माझ्याजवळ तीन रिकाम्या होत्या, आणि ती त्याच्याकडे गेली. हे त्याच्या कॉलरमुळं झालेलं नाही.

तरी घरी येऊन मायवर ओरडलो. भाजीत मीठ जास्त आहे म्हणून. नव्हतं.


२८ सप्टेंबर, रविवार

आज मी तिच्या घरी गेलो. दारात काका. मी म्हटलं, काका, रुचीशी बोलायचं आहे, खोलीबद्दल. ते बाजूला झाले पण आत गेले नाहीत, सुपारी कातरत बसले.

रुची चूल आवरत होती. मी म्हटलं, "पहिली खोली घे. मेससाठी. नीलेशकडे टाइल्स आहेत, माझ्याकडे नाहीत. पण रोडवर दार आहे आणि पाणी मागे जाते."

"भाडं?"

"जे देशील ते."

"असं नाही चालत. जे देशील ते म्हणणारा मालक उद्या जे मनात येईल ते करते. हेमेंद्रपासून घेत होता तेवढंच भाडं, अकरा महिन्यांचा करार, स्टॅम्प पेपरवर. एक महिन्याची नोटीस, दोन्हीकडून. आणि मालकानं टकटक केल्याशिवाय आत यायचं नाही. कोण जेवते, किती वेळ बसते, कोणासोबत कोण हसते, हे मालकानं पाहायचं नाही."

काकांची सुपारी थांबली.

मी म्हटलं, "सगळे पोट्टेच येतील ना तिथं. विमानवाले, गार्ड, ड्रायव्हर, राइस मिलचे. तू वाढशील."

"मेस आहे. वाढावं लागते."

"काकूंनी वाढलं तर?"

"मंग माय वाढेल, मी पोळ्या करीन आणि तू ओट्यावर बसून पोळ्यांवर लक्ष ठेवशील. चंदर, नीलेशनं मले काहीच विचारलं नाही. त्याले फक्त एक तारखेले भाडं पाहिजे. तुझ्याकडे आलं तर तुझी खोली भरते, म्हणून थांबली आहे मी. नाहीतर काऊन थांबलो असतो?"

अर्धं वाक्य तिनं शहरातलं बोललं आणि अर्धं घरातलं, तेव्हा मला कळलं की ती चिडलेली नाही, घाबरलेली आहे. मी नाही म्हणेन म्हणून की हो म्हणेन म्हणून, ते कळलं नाही.

मी खरं सांगितलं. "मला पाहवणार नाही."

"मग पाहू नको. खोली भाड्यानं दिली म्हणजे तेच असते. आपली असून आपली नसते."

काका दारातून म्हणाले, "स्टॅम्प पेपरचे पैसे अर्धे अर्धे."


३० सप्टेंबर, मंगळवार

करार झाला. साक्षीदार दुर्गाप्रसादजी. त्यांनी प्रत्येक कलम मोठ्यानं वाचून दाखवलं, रेडिओवरच्या बातम्यांसारखं. "मालक टकटक केल्याशिवाय आत येणार नाही" इथं थांबून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "असं कलम मी पहिल्यांदाच वाचलं. पण चांगलं आहे. माझ्याही करारात टाका."

रुचीनं डिपॉझिट दिलं. मी ते तिच्यासमोर वेगळ्या पाकिटात टाकलं. ती पाहत होती म्हणून नाही. थोडं त्यासाठीही.


२ ऑक्टोबर, दसरा

मेस सुरू. पहिल्या दिवशी अकरा जण. मी ओट्याच्या टोकाला बसून सोनं वाटत होतो आणि पाहत नव्हतो. त्यातला लाल टीशर्टवाला तीनदा भात मागायला उठला.


१२ ऑक्टोबर, रविवार

दुसरी खोली गेली. जिल्हा परिषद शाळेतल्या संध्या मॅडम. 'रूम खाली है' ही माझी पाटी वाचून आल्या, मेस शेजारीच आहे म्हणून राहिल्या. 'खाली' हा शब्द आता मी दोनदा वाचतो. तिसरी हेमेंद्रच्या त्या दोघांपैकी एकानं घेतली, परत आला. मला म्हणाला, "मूड ठीक है ना, भैया?" मी करार पुढे केला. एक महिन्याची नोटीस, दोन्हीकडून.

चारही भरल्या. चारही खोल्यांत वेगळी वेगळी माणसं. रुचीनं ऑगस्टमध्ये हेच सांगितलं होतं तेव्हा मी काय ऐकलं होतं ते मागच्या पानांवर आहे. ती पानं फाडावीशी वाटतात. कोणी वाचलं तर?

हेमेंद्र रोज रात्री जेवायला येतो. होस्टेलवरून, गाडी घेऊन, मुद्दाम. तिथं जेवण मिळत नाही का?


२६ ऑक्टोबर, रविवार

आज मंडई.

सकाळपासून रस्त्यावर माणसं, पाळणे, उसाच्या मोळ्या. भैयालालकाकांकडे बालाघाटहून पाहुणे. मुलगा, मुलाचे वडील, एक मामा. मुलगा बँकेत आहे. हे मला मायनं सांगितलं नाही, मोठ्यानं दुसऱ्या कोणाला तरी सांगितलं.

दुपारी काकांनी मला बोलावलं. मी हप्त्याच्या पावत्या घेऊन गेलो. पाहुणे ओसरीवर पोहे खात होते. काकांनी पावत्या पाहिल्या, एक एक, अंगठ्यानं सारत.

"चारही भरल्या?"

"भरल्या, काका."

"पहिली कोणी घेतली?"

"रुचीनं."

"दुसरी-तिसरी काऊन भरली?"

मी पावत्यांकडे पाहिलं.

"मेस आहे म्हणून भरली. सांग ना. एक खोली माझ्या पोरीच्या भाड्यानं भरली आणि दोन तिच्या वरणानं भरल्या. तिच्याच कमाईवर तू तिलेच मांगाले आला?" ते मोठ्यानं हसले. बालाघाटचे मामाही हसले, त्यांना काय कळलं देव जाणे. "तू काय केलं, चंदर? आधीच्या तिघांले हाकललं, हे एक तुझं."

काकांचं बरोबर होतं. राग येण्यासाठी थोडंसं तरी खोटं असावं लागतं, ते त्यात नव्हतं. मी पावत्या उचलल्या. बँकवाला मुलगा माझ्याकडे पाहत होता, चमचा हातात धरून. त्याचे बूट ओसरीखाली ठेवलेले होते, चांगले होते, माझ्यापेक्षा चांगले.

रुची पाण्याचे ग्लास घेऊन आली. साडीत. ती साडी मी कधी पाहिली नव्हती. त्याच्यासाठी नेसली, हे मनात आलंच.

तिनं ग्लास ठेवले आणि काकांना म्हणाली, "बाबूजी, करार अकरा महिन्यांचा आहे. मी त्याची भाडेकरू आहे. आत्ता कोठं लग्न केलं तर मेस बंद आणि त्याची खोली खाली. आणि त्याच्याशीच केलं तर भाडं कोण कोणाले देईल? दोन्हीकडून त्याचंच नुकसान आहे. अकरा महिने मले कोणाशीच लग्न करता येत नाही."

मग मुलाचे वडील म्हणाले, "लड़की हिसाब की पक्की है।" आणि काका म्हणाले, "कोणावर गेली कोणास ठाऊक," पण आवाजात कौतुक होतं, ते लपलं नाही.

पाहुणे संध्याकाळी गेले. नाही म्हणून गेले की पुढे पाहू म्हणून, ते मायलाही कळलं नाही.

मी घरी येऊन हिशोब केला. तिनं त्यांना नाही म्हटलं, हे खरं. पण मलाही हो कोठे म्हटलं? अकरा महिने म्हणाली. कोणाशीच म्हणाली. कोणाशीच यात मीही आलोच.

रात्री मंडईचा नाच सुरू होता, सगळं गाव तिकडे. मी खोल्यांवर गेलो. मेसचा दिवा सुरू होता, पोरं उशिरा जेवत होती. दारावर टकटक केली.

"कोण?"

"मी."

"मालक म्हणून आला असशील तर एक तारखेले ये. जेवाले आला असशील तर चप्पल काढ."

चप्पल काढली. आत लाल टीशर्टवाला होता, हेमेंद्र होता, गार्ड होते, दोन ड्रायव्हर होते. जागा होती ती हेमेंद्रच्या बाजूला. बसलो. तो सरकला.

रुचीनं सगळ्यांना वाढलं. हेमेंद्रला दोनदा पोळी, गरम. गार्डला भात. लाल टीशर्टला आणखी वरण. ड्रायव्हरला विचारून विचारून भाजी. माझ्या ताटाकडे पाहिलंच नाही. सगळे उठले, हात धुतले, हेमेंद्र "अच्छा भैया" म्हणून गेला, भागीरथाकाकूही मंडई पाहायला गेल्या, आणि मी रिकामं ताट घेऊन बसून होतो. मग उरलेलं तिनं मला वाढलं. पोळ्या थंड झालेल्या, वरण तळाचं, भाजीत नुसते बटाटे. वाढून दिवा थोडा जवळ ओढला, आपलं ताट घेतलं आणि माझ्यासमोर बसून जेवायला लागली. मिरचीच्या ठेच्याचं भांडं दोघांच्या मध्ये ठेवलं.

जेवलो. पण मनाला लागलं ते लिहून ठेवतो. येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना आधी आणि गरम गरम, आणि मला सगळ्यांच्या शेवटी, उरलेलं. मी काय परका आहे का? एक तारखेला विचारणार आहे.